शेंडेफळाचा हिरवा दिवा

भर गर्दीच्या वेळी ताईने कंपनीचं सगळ्यात नवं, सगळ्यात महागडं आणि सगळ्यात ठणठणीत मशीन रांगेतून हाकलून दिलं, ती गोष्ट त्या इमारतीत अजूनही रंगवून सांगतात. सांगणारा प्रत्येक जण म्हणतो, मी तिथेच उभा होतो. तेवढे सगळे खरंच तिथे उभे असते तर बैठकीच्या खोलीच्या भिंती बाहेर आल्या असत्या. पण विजयाचं असंच असतं, त्याला साक्षीदार नंतर फुटतात.

ताई म्हणजे त्या कंपनीच्या नेटवर्क विभागाची प्रमुख. विभाग कसला, तळमजल्यावरची एक थंडगार खोली, चार माणसं, तीन धड खुर्च्या आणि एक डुगडुगणारी. कंपनी रुग्णालयांना औषधं पुरवायची. रुग्णालयांच्या मागण्या सकाळी यायच्या आणि वरच्या मजल्यावरची माणसं औषध बनवणाऱ्यांच्या वेबसाइट उघडून भराभर माल मागवायची. दुपारनंतर मागवलेला माल दुसऱ्या दिवशी पोचत नसे, म्हणून सकाळी सगळे एकदम इंटरनेटवर तुटून पडत.

आता कंपनीत कुणीही थेट बाहेरच्या इंटरनेटवर जायचं नाही असा नियम होता. मध्ये प्रॉक्सी होते. प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्यासाठी बाहेर जाऊन येणारं मशीन. तुम्ही पान मागायचं, त्याने बाहेर जाऊन ते आणायचं, नीट तपासायचं आणि तुमच्या हातात ठेवायचं. असे चार प्रॉक्सी त्या थंड खोलीतल्या कपाटात होते आणि त्यांना नावं पडली होती थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. थोरला जुना, त्याचा पंखा घरघरायचा. शेंडेफळ नवंकोरं. ते आणावं म्हणून ताईने वरिष्ठांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्यामुळे त्याचे लाडही भरपूर होत.

या चौघांच्या पुढे आणखी एक मशीन बसलेलं होतं. त्याचं नाव मुकादम. काम वाटून देणं हेच त्याचं काम. त्याचा नियम साधा होता, ज्याच्या हातात सगळ्यात कमी काम त्याला पुढचं काम. शिवाय दर थोड्या वेळाने तो चौघांची तब्येत विचारायचा. विचारायचा म्हणजे प्रत्येकाला सांगायचा, कंपनीच्या वेबसाइटचं मुखपृष्ठ दाखव. ज्याने दाखवलं तो बरा, त्याच्या नावापुढे हिरवा दिवा, आणि हातात कामं साचली की तोच दिवा आधी पिवळा, मग लाल.

मुखपृष्ठच का, याची एक गंमत आहे. एकदा कंपनीचे मालक पाहुण्यांना कौतुकाने आपल्या वेबसाइटचं पहिलं पान दाखवायला गेले आणि ते उघडेना. त्या दिवशी मालकांनी जो काही आवाज लावला, तो ऐकल्यापासून अख्ख्या इमारतीने कानाला खडा लावला. तेव्हापासून तिथे 'नेट चालू आहे का?' याचा अर्थ 'मुखपृष्ठ उघडतंय का?' एवढाच उरला. दारावरचा पहारेकरीसुद्धा सकाळी आधी मुखपृष्ठ उघडून बघायचा आणि मग निवांत बसायचा. मग मुकादमाला तरी दुसरा प्रश्न कोण शिकवणार? मुखपृष्ठाची एक प्रत प्रत्येक प्रॉक्सीच्या स्वतःच्याच पोटात ठेवलेली असते, ते दाखवायला बाहेर पाऊलही टाकावं लागत नाही, हे ठाऊक सगळ्यांना होतं. ध्यानात मात्र कुणाच्याच आलं नव्हतं.

शेंडेफळ रांगेत आलं आणि थोड्याच दिवसांत सकाळचं इंटरनेट बसायला लागलं. ऐन गर्दीत पडद्यापडद्यावर 'पान उघडता येत नाही' अशी पाटी झळकायची. लोक तीच कळ पुन्हा पुन्हा दाबायचे, फोन खणखणायचे. गर्दी ओसरली की सगळं आपोआप सुरळीत. भिंतीवरच्या मोठ्या फलकावर पाहावं तर थोरला लालबुंद, हातात कामांचा ढीग, मधला आणि धाकटा पिवळे, आणि शेंडेफळ मात्र हिरवंगार, थंड. ज्याने त्याने बोट थोरल्याकडे दाखवलं.

थोरल्याची बाजू घेणारा एकच माणूस होता, विभागातले काका. निवृत्तीला टेकलेले, थोरला त्यांनीच आपल्या हातांनी बसवलेला. "तो लाल आहे कारण तो राबतोय," काका म्हणायचे. "राबणारा माणूस घामाघूम दिसणारच." पण काका थोरल्याविषयी बोलायला लागले की लोक घड्याळाकडे बघायचे.

मोठे साहेब शेवटी वैतागले. त्यांनी बाहेरच्या एका कंपनीला बोलावलं. तिकडून जो आला त्याचा टाय इतका झकपक होता की त्याचं नावच टायवाला पडलं. त्याने फलकाकडे एकदा नजर टाकली, थोरल्याला 'खटारा' म्हणाला आणि सगळं काम आमच्याकडे द्या, निश्चिंत झोपा, असं सांगून मोकळा झाला.

"शुक्रवारी सकाळी आपण सगळे बैठकीच्या खोलीत बसून बघू," साहेब ताईला म्हणाले. "त्या दिवशीही नेट बसलं, तर काम यांच्याकडे. विभाग बंद. तुम्हाला आम्ही कुठेतरी सामावून घेऊच."

"आणि काकांना?"

"गोदामात माणूस लागतो. आणि तोपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. आहे तसं दिसू दे."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. हा विभाग तिने रक्त आटवून उभा केला होता. कुठलं भोक कुठल्या तारेचं हे तिला डोळे मिटून सांगता येत होतं, आणि आता 'कुठेतरी सामावून' घेणार म्हणे! काका आत गेले आणि थोरल्यावरची धूळ पुसत बसले. ते पाहून मात्र ताईला गलबलून आलं.

गुरुवारपर्यंत तिने डोकं खाजवखाजव खाजवलं. हाती काही लागलं नाही. थोरला म्हातारा होता, कबूल. पण शेंडेफळ येण्याआधी हाच म्हातारा बाकी दोघांना घेऊन सगळी सकाळ ओढत होता ना? मग नवा गडी आल्यावर गाडा रुतला कसा?

शुक्रवार उजाडला. ताईच्या घरी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी सासूबाई खुर्ची टाकून बसत आणि तिथून कामं वाटत. जो रिकामा दिसेल त्याला हाक. थोरली जाऊ कधीच रिकामी दिसत नसे. एका हाताने डबे भरायचे, दुसऱ्या हाताने शेगडी सांभाळायची, वर मुलांच्या मोज्यांची चौकशी, त्यामुळे तिला हाक कमी आणि बोलणी जास्त. धाकटा दीर मात्र बघावं तेव्हा रिकामा. तो दुपारपाळीला कामावर जायचा, आणि सकाळी त्याच्याइतकं चटपटीत माणूस घरात दुसरं नव्हतं.

"कुरियर दिलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं!"

"माझा चष्मा?"

"झालं!"

"मिक्सर दुरुस्तीला?"

"झालं, आई!"

"बघ, शिक काहीतरी," सासूबाई थोरलीकडे वळल्या. "याची तीन कामं झाली आणि तुझे डबेच चाललेत अजून. जा रे, आता टाकीवाल्याकडे जाऊन ये."

थोरलीने मुलांचे बूट काढायला चपलांचं कपाट उघडलं आणि तिथेच थबकली. कपाटात, बुटांच्या मागे, पिशवीत घातलेला मिक्सर बसला होता.

"भाऊजी! हा दिला होतात ना दुरुस्तीला?"

"गेलो होतो की," दीर जराही न गडबडता म्हणाला. "दुकान बंद होतं. परत आलो."

"मग झालं काय?"

"माझं जाणं झालं."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तो त्यांचा लाडका ना! पण ताईचा घास हातातच राहिला.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही एवढे रिकामे कसे असता हो?"

"काम पटकन उरकतं, वहिनी. म्हणून तर आई मलाच सांगते."

ताईच्या डोक्यात असा लख्ख प्रकाश पडला की ती ताडकन उठली. घास ताटात, डबा ओट्यावर, आणि ही जिन्यात. "अगं, डबा!" थोरली ओरडली, पण ऐकायला होतं कोण?

थंड खोलीत येताच तिने शेंडेफळाचा मागच्या सकाळींचा हिशेब पडद्यावर घेतला. आजवर तिने एवढंच पाहिलं होतं की कुणाच्या हातात किती काम आहे. आज तिने पाहिलं, कुणी किती माल, म्हणजे किती पानं, बाहेरून आणून दिली. आणि मग ती स्वतःशीच हसली. गर्दीच्या वेळी सगळ्यात जास्त मागण्या शेंडेफळाकडे जात होत्या. बाहेरून आणलेला माल जवळपास काहीच नव्हता. आलेल्या प्रत्येकाला ते ताबडतोब 'पान उघडता येत नाही' अशी पाटी देऊन वाटेला लावत होतं. हात रिकामे. मुकादम बघतो तर हा गडी मोकळा! घे पुढचं काम. तेही क्षणात परत. घे आणखी. इमारतभरची कामं एका नुसतं जाऊन येणाऱ्याच्या पदरात पडत होती, आणि तब्येत विचारली की तो पोटातलं मुखपृष्ठ काढून दाखवत होता.

"काका, इकडे या!"

काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आणि हे लोक माझ्या थोरल्याला खटारा म्हणत होते," ते म्हणाले.

पण शेंडेफळ माल आणत का नव्हतं? ताई तडक पलीकडच्या दालनात गेली. तिथे बाहेरच्या जगाचं दार, म्हणजे फायरवॉल, सांभाळणारा गडी बसायचा. त्याला सगळे द्वारपाल म्हणत.

"शेंडेफळाची एका वेळी किती कामं बाहेर सोडतोस?"

द्वारपालाने पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "ताई, ते नवीन होतं ना, म्हणून चाचणीपुरती थोडीशीच मुभा ठेवली होती. चाचणी संपली असं मला कुणी सांगितलंच नाही."

"मग तू विचारायचंस!"

"कशाला विचारू? मुखपृष्ठ उघडत होतं की!"

म्हणजे गर्दी नसताना तेवढी मुभा पुरत होती, आणि गर्दी झाली की दार बंद. ताईने डोक्याला हात लावला, पण रागावली नाही. चाचणी संपल्याचं तिनेही सांगितलं नव्हतं, तिनेही मुखपृष्ठच बघितलं होतं. "ती मर्यादा काढ," ती म्हणाली.

"साहेबांच्या परवानगीशिवाय? आज? माझी नोकरी जाईल, ताई."

त्याचंही खरं होतं. आणि तेवढ्यात वरून निरोप आला की साहेब आणि पाहुणे बसलेत, गर्दीही सुरू झाली आहे, लगेच या.

बैठकीच्या खोलीत भिंतभर फलक लावला होता. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला टायवाला आणि त्याची दोन माणसं, काचेपलीकडे खरेदी विभागाच्या रांगा. ताई काकांना घेऊन आत आली, आपला लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि साहेबांच्या कानाशी बोलायला वाकली. पण तोंड उघडेपर्यंत काचेपलीकडे पहिली हाकाटी झाली. मग दुसरी. पडद्यांवर त्या ओळखीच्या पाट्या. फोन खणखणले. फलकावर थोरला लालबुंद.

"पाहा," टायवाला खुर्चीत रेलत म्हणाला. "तो जुना काढल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच्या शेजारचं ते हिरवं पाहा, किती आरामात चाललंय."

"आरामातच चाललंय," ताई म्हणाली. "म्हणून मी ते हिरवं काढतेय."

टायवाल्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग त्याला हसू आवरेना. "बाई, आग लागली असताना तुम्ही पाण्याची बादलीच बाहेर फेकताय!"

"बादली रिकामी आहे."

"हात लावायचा नाही असं मी सांगितलं होतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

चूक झाली तर विभाग गेलाच, वर अख्ख्या इमारतीत हसं. पण तिला काकांचे ते धूळ पुसणारे हात आठवले. "साहेब, नेट बसलं तर विभाग बंद, असं तुमचंच म्हणणं होतं. ते आता बसलंच आहे, मग माझ्यापाशी गमावायला काय राहिलं? पाच मिनिटं द्या. नाही चाललं तर मी स्वतः काकांबरोबर गोदामात जाते."

साहेबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ताईने कळ दाबली.

शेंडेफळ फलकावरून नाहीसं झालं. थोरला आणखी लाल झाला, मधला पिवळ्याचा लाल, धाकटाही लाल. टायवाल्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटून घेतले आणि ओठांतल्या ओठांत थोरल्याला, "ओढ रे बाबा, ओढ," असं काहीसं पुटपुटले.

आणि मग काचेपलीकडचा एक फोन वाजायचा थांबला. त्यामागोमाग दुसरा. उभे राहिलेले लोक एकेक करून खाली बसायला लागले. फोनच्या कलकलाटाच्या जागी कळफलकांचा आवाज सुरू झाला, आधी तुरळक, मग धो धो. खरेदी विभागाच्या प्रमुख बाई दार ढकलून आत घुसल्या. "उघडलं! सगळं उघडलं! काय केलंत ते केलंत, आता कृपा करून कुणी कशाला हात लावू नका!"

फलकावर तिन्ही दिवे लाल होते, पण ते फार वेळ तसे राहिले नाहीत. पान उघडत नाही म्हणून माणसं तीच कळ पुन्हा पुन्हा दाबत होती, आता उघडल्यावर कोण कशाला दाबेल? खोट्या कामांचा डोंगर वितळला. धाकटा पिवळा झाला. मधला पिवळा झाला. सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, थोरला पिवळा झाला आणि बघता बघता हिरवा. गर्दीच्या वेळी त्याला हिरवा झालेला काकांशिवाय कुणी कधी पाहिलंच नव्हतं. काकांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

मग ताईने सगळं सांगितलं, ती मर्यादा, तो मुखपृष्ठाचा प्रश्न, रिकाम्या हाताचा हिरवा दिवा. आपल्या बाजूची चूकही पोटात ठेवली नाही. साहेबांनी तिथूनच द्वारपालाला फोन केला, परवानगी दिली. मुकादमाला ताईने नवा प्रश्न शिकवला. आता तो 'मुखपृष्ठ दाखव' म्हणत नव्हता, 'बाहेर जा, काहीतरी घेऊन ये, मग बोल' म्हणत होता. शेंडेफळ पुन्हा रांगेत आलं, आणि मोकळं दार मिळाल्यावर असं काही राबलं की थोरल्याचा घरघरणारा पंखासुद्धा निवांत झाला.

टायवाल्याचा टाय मघापेक्षा सैल दिसत होता. तो माणूस वाईट नव्हता, उठताना त्याने मोकळेपणाने हात पुढे केला. "एक सांगा," तो म्हणाला, "ज्या मशीनवर कुणी संशय घेणार नाही, नेमका त्यावर तुम्ही कसा घेतला?"

"मला धाकटा दीर आहे," ताई म्हणाली.

साहेब खळखळून हसले. हसता हसता त्यांनी समोरचा करारनामा मिटून टायवाल्याकडे सरकवला. "विभाग आहे तिथेच राहील," ते म्हणाले. "काका, तुम्ही थोरल्याला निरोप देईपर्यंत तुम्हाला निरोप नाही. आणि ताई, ती डुगडुगणारी खुर्ची बदलून घ्या." ताई जिन्याने खाली उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. तळमजल्यावर विभागातल्या चौघांनी एकमेकांच्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की पहारेकरी भांडण समजून धावत आला.

संध्याकाळी ताईने घरी हीच कथा सासूबाईंच्या खुर्चीसमोर उभं राहून, हातवारे करून सांगितली. त्या दिवशी सुट्टी असलेला दीर कान टवकारून ऐकत होता.

"म्हणजे तुमचा विभाग माझ्यामुळे वाचला!" तो म्हणाला.

"अगदी तुमच्यामुळे, भाऊजी. नाकारतंय कोण?"

त्याने असा काही भाव खाल्ला की विचारू नका. सासूबाई मात्र एकदा धाकट्याच्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या आणि एकदा थोरलीच्या. थोरली तेव्हाही उभीच होती, खांद्यावर घड्या घालायचे कपडे, हातात वाळलेला टॉवेल.

"मिक्सरचं काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं, आई!"

"फिरवून दाखव."

दीर गडबडला. "आत्ता?"

"आत्ता. नसेल झाला तर दुकान उघडं आहे तोवर जा, आणि फिरताना दाखवल्याशिवाय घरात झालं हा शब्द काढायचा नाही." मग त्या उठल्या, स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि थोरलीच्या खांद्यावरचे कपडे काढून घेतले. "तू बस गं इथे. बरीच वर्षं लाल दिव्यावर चाललीयेस तू, आणि मी तुलाच बोलत आलेय."

थोरलीला काय करावं ते कळेना. ती अवघडून खुर्चीच्या काठावर टेकली आणि मग हळूहळू पाठ टेकून नीट बसली. दीर मिक्सर काखोटीला मारून खरोखरच पळाला. परत आला तेव्हा मिक्सर इतक्या जोरात फिरला की कुणाला कुणाचं ऐकू येईना, आणि त्या आवाजात थोरली खुर्चीवर बसल्या बसल्या मोठ्याने हसत होती.